चुकलेला गोळा कोठे पडतो? मेजावरील युद्धखेळांतील आनुषंगिक हानी आणि मराठ्यांच्या युद्धेतिहासातील काही प्रसंग

प्रास्ताविक

युद्धात डागलेला प्रत्येक गोळा लक्ष्यावर पडत नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या तोफांपुरते बोलावयाचे तर लांबच्या पल्ल्यावर नेम चुकणे हेच नित्याचे होते. मात्र चुकलेला गोळा नाहीसा होत नाही, तो कोठेतरी पडतोच. जेथे पडतो तेथे माणूस असेल, घर असेल, धान्याचे कोठार असेल किंवा दावणीला बांधलेले जनावर असेल, तर त्याची हानी होते. या हानीला आज 'आनुषंगिक हानी' असे म्हटले जाते. ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः व्हिएतनाममधील युद्ध आणि १९९१ चे आखाती युद्ध यांच्या संदर्भात सर्वपरिचित झाली. संज्ञा नवी असली तरी हानी मात्र तोफेइतकीच जुनी आहे.

युद्धेतिहासाच्या लेखनात या हानीला क्वचितच स्थान मिळते. कोणती तोफ कोणत्या बुरुजावर रोखली होती हे आपण वाचतो. बुरुजावरून पलीकडे गेलेल्या गोळ्याचे पुढे काय झाले, हे सहसा वाचावयास मिळत नाही. आश्चर्य असे की, हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या क्षेत्रात, म्हणजे मेजावर मांडल्या जाणाऱ्या युद्धखेळांत, नियम करणाऱ्यांना वारंवार सोडवावा लागला आहे. फासा टाकला, नेम चुकला. आता गोळा कोठे गेला असे मानावयाचे? या प्रश्नाला युद्धखेळांनी दिलेल्या उत्तरांच्या साहाय्याने पानिपत, वासोटा व रायगड येथील प्रसंगांचा पुनर्विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

युद्धखेळांची परंपरा

युद्धाचे पटावरील रूप भारतीयांस नवे नाही. चतुरंग व त्यातून विकसित झालेले बुद्धिबळ हे चतुरंग सेनेचेच प्रतिरूप होय. परंतु बुद्धिबळात नेम चुकण्यास वावच नाही. उंट ज्या घरातील प्याद्यावर चालून जातो ते प्यादे मरतेच. शिवाय पटावर राजा, वजीर आणि सैन्य यांखेरीज कोणीही नसते. तेथे शेतकरी नाही, गाव नाही आणि बाजारही नाही.

१७८० मध्ये ब्रन्स्विक येथील योहान हेल्विग याने बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून भूप्रदेश दाखविणारा युद्धखेळ रचला. प्रशियात गेओर्ग फॉन राइसविट्झ याने १८१२ मध्ये आपला खेळ राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याच्यापुढे मांडला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याची सुधारित नियमावली प्रसिद्ध केली. हाच 'क्रीगश्पील' होय. यात पटाच्या घरांऐवजी मोजमापाचा नकाशा आला, फाशांनी ठरणारी अनिश्चितता आली आणि दोन्ही पक्षांवर देखरेख करणारा पंच आला. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणात या खेळाला स्थान मिळाले. तोफेचा मारा कधी प्रभावी ठरतो आणि कधी वाया जातो, हे नियमाने मान्य करणारा खेळ अशा रीतीने प्रचारात आला.

पुढे हा खेळ छावणीतून घरात आला. फ्रेड जेन याने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरमारी खेळात जहाजाच्या चित्रावर टाचणी बसविलेल्या फळीने आघात करीत. टाचणी फळीच्या मध्यावर नसे, त्यामुळे जेथे मारावयाचे तेथेच आघात होईल याची शाश्वती नसे. हर्बर्ट जॉर्ज वेल्स याच्या १९१३ मधील 'लिटल वॉर्स' या पुस्तकातील खेळात स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेतून खरोखरीच लाकडी गोळी उडविली जाई. तेथे वेगळ्या नियमाची गरजच नव्हती. गोळी शिपायाला लागली नाही तर मागच्या शिपायाला, झाडाला किंवा पुठ्ठ्याच्या घराला लागे आणि ती वस्तू पडे. युद्ध खेळावयाचे तर असे मेजावर खेळावे, खरे युद्ध हे याहून फार महागडे व मूर्खपणाचे आहे, असा त्या पुस्तकाच्या शेवटाचा आशय आहे. पुस्तकानंतर एका वर्षाने पहिले महायुद्ध सुरू झाले.

चुकलेल्या नेमाचे तीन नियम

आजवरच्या युद्धखेळांतील नियमांची स्थूलमानाने तीन गटांत विभागणी करता येते.

पहिल्या गटात चुकलेला नेम फाशाबरोबरच संपतो. अपेक्षित आकडा पडला नाही म्हणजे काहीही घडले नाही. बहुसंख्य खेळ याच गटात मोडतात. त्याचे कारण व्यावहारिक आहे. एका डावात शेकडो वेळा फासे टाकावे लागतात. प्रत्येक चुकलेल्या गोळीचा माग काढत बसल्यास खेळ पुढे सरकणार नाही.

दुसऱ्या गटात चुकलेला गोळा दुसरीकडे सरकतो. 'वॉरहॅमर ४०,०००' या ब्रिटिश खेळात अनेक वर्षे यासाठी खास फासा वापरीत. त्याच्या दोन बाजूंवर नेम लागल्याची खूण आणि चार बाजूंवर बाण असे. बाण ज्या दिशेला वळेल त्या दिशेला, दुसऱ्या फाशांनी ठरेल तितके अंतर, स्फोटाचे वर्तुळ सरकवीत. त्या वर्तुळाखाली जो येईल, मग तो शत्रू असो वा स्वतःचा शिपाई, त्यास इजा होई. २०१७ मधील आठव्या आवृत्तीत हा फासा व ही वर्तुळे काढून टाकण्यात आली. खेळ सुटसुटीत झाला, परंतु भरकटलेला गोळाही त्याबरोबर पटावरून गेला.

तिसऱ्या गटाचा संबंध हातघाईशी आहे. दोन्हीकडचे लोक एकमेकांत मिसळले असता त्यांत गोळी किंवा बाण सोडला, तर तो कोणाला लागला हे नेम धरणाऱ्याने नव्हे, तर फाशाने ठरवावयाचे. काही खेळांत असा मारा करण्यास मुळातच मनाई असते.

या तिन्ही गटांची तुलना केली असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, जी वस्तू मेजावर मांडलेलीच नाही तिची हानी होऊच शकत नाही. दुसऱ्या गटातील खेळांतही भरकटलेला गोळा बहुधा कोणत्या तरी सैन्यावरच पडतो, कारण सैन्याखेरीज तेथे कोणी नसते. दुसरी गोष्ट अशी की, नेम 'चुकला' असे केव्हा म्हणावयाचे, हे लक्ष्य किती मोठे धरले यावर अवलंबून असते. एका तोफेला लक्ष्य मानले तर शेजारच्या घरावर पडलेला गोळा चुकलेला ठरतो. सगळे गावच लक्ष्य मानले तर तोच गोळा लागलेला ठरतो. या दोन निकषांवर इतिहासातील प्रसंग तपासून पाहता येतात.

तोफेचे तंत्र

तत्पूर्वी तत्कालीन तोफांचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. तोफेची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळा नळीपेक्षा किंचित लहान असे. या फटीमुळे गोळा नळीत आपटत बाहेर पडे आणि त्याची दिशा प्रत्येक वेळी थोडी बदलत असे. बार झाला की तोफ मागे सरके, त्यामुळे पुढच्या वेळी नेम पुन्हा धरावा लागे. भरीव लोखंडी गोळा जमिनीवर पडून थांबत नसे. तो टप्पे घेत आणि गडगडत पुढे जाई. उखळी तोफांचे तंत्र याहून वेगळे होते. त्यांतून दारू भरलेला पोकळ, कुलपी गोळा उंच उडवून तटाच्या आत टाकीत. वात जळत गोळ्यातील दारूपर्यंत पोहोचली की तो फुटे. उखळी मारा करणाऱ्या गोलंदाजास आतील इमारत बहुधा दिसतही नसे. बाण म्हणजे अग्निबाण तर दिशेच्या बाबतीत याहूनही बेभरवशाचे होते.

पानिपत : मैलभर मागे पडलेले गोळे

१४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईचे एक महत्त्वाचे समकालीन साधन म्हणजे शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहिलेला फारसी वृत्तान्त होय. तो लढाईच्या वेळी अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता. मराठ्यांच्या तोफा मोठ्या व अवजड असल्यामुळे त्यांची पातळी सहजासहजी बदलता येत नव्हती. परिणामी त्यांचे गोळे लवकरच दुराणी फौजेच्या डोक्यावरून जाऊन सुमारे मैलभर मागे पडू लागले, असा निर्वाळा त्याने दिला आहे.

या नोंदीचा उपयोग इतिहासकारांनी आजवर एकाच प्रकारे केला आहे. मराठ्यांचा अवजड तोफखाना निष्प्रभ का ठरला, याचे स्पष्टीकरण म्हणून ती उद्धृत केली जाते. ते योग्यच आहे. परंतु पहिल्या गटातील युद्धखेळाप्रमाणे येथेही चुकलेला गोळा चुकला म्हणून संपतो. अठराव्या शतकातील कोणत्याही हिंदुस्थानी सैन्याच्या पिछाडीला काय असे? बाजार, बैल, उंट, भिस्ती, मोतद्दार, स्वयंपाकी, बायकामुले. मराठी साधनांत ज्यांना 'बुणगे' म्हटले आहे असे हे लोक दोन्ही बाजूंस होते. मैलभर मागे पडणारे गोळे याच माणसांच्या दिशेने जात होते. त्या नोंदीत अंतर आहे, परंतु माणसे नाहीत.

मराठ्यांच्या पिछाडीस असलेल्या बुणग्यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. त्यांच्यामुळे सैन्याच्या हालचाली मंदावल्या आणि अन्नधान्याचा प्रश्न बिकट झाला, असे प्रतिपादन नेहमी केले जाते. म्हणजे बुणगे इतिहासाच्या पटावर येतात ते ओझे म्हणून. ज्यांच्यावर गोळा पडू शकतो अशी माणसे म्हणून ते येत नाहीत.

वासोटा : पंत प्रतिनिधींचा किल्ला

औंधच्या वाचकास वासोटा परका नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात परशुराम श्रीनिवास पंत प्रतिनिधी यांना मसूर येथे कैदेत ठेवण्यात आले असता ताई तेलीण हिने वासोट्याच्या आश्रयाने उठाव करून त्यांची सुटका केली. पुढे बापू गोखले यांनी प्रतिनिधींचा पराभव केला. त्या लढाईत हात गमावल्यामुळे ते 'थोटे पंत' म्हणून ओळखले गेले. प्रतिनिधी कैद झाल्यावरही ताईने वासोटा सुमारे आठ महिने लढविला. अखेर आगीत किल्ल्यावरील बहुतांश धान्यसाठा जळाला आणि तिला किल्ला सोडावा लागला.

या वेढ्याची आठवण शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि ताईचे शौर्य निर्विवाद आहे. तथापि वेढ्याचा निकाल कशाने लागला याकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. तट पडला म्हणून हा किल्ला गेला नाही, कोठार जळाले म्हणून गेला. ज्या खेळात मेजावर केवळ बुरुज व शिपाई मांडलेले असतील, त्या खेळात हा निकाल कधीच लागणार नाही. शिवाय जळालेले धान्य शिबंदीबरोबरच गडावरील इतर माणसांचेही होते.

दहा वर्षांनी, एप्रिल १८१८ मध्ये, याच किल्ल्यावर इंग्रजांच्या तोफा रोखल्या गेल्या. प्रिट्झलर याच्या हाताखालील फौजेने शेजारच्या जुन्या वासोट्यावरून मारा केला. त्या वेळी किल्ल्यात सातारकर छत्रपतींच्या परिवारातील काही व्यक्ती होत्या. त्याचबरोबर हंटर आणि मॉरिसन हे पेशव्यांच्या कैदेत पडलेले दोन तरुण इंग्रज अधिकारीही होते. म्हणजे ज्यांना मुक्त करावयाचे त्यांच्याच डोक्यावर गोळे टाकण्याचा हा प्रसंग होता. मारा सुरू झाल्यानंतर लवकरच किल्ला स्वाधीन झाला आणि दोघे अधिकारी सुखरूप सुटले. त्यामुळे इंग्रजी वृत्तान्तांत हा प्रसंग यशस्वी मोहिमेची नोंद म्हणून येतो. एखादा कुलपी गोळा थोडा डावी-उजवीकडे पडला असता तर नोंद वेगळी झाली असती. दुसऱ्या गटातील खेळाचा नियम आपणास नेमकी हीच शक्यता विसरू देत नाही. कैदी सुखरूप राहिले, याचा अर्थ त्यांच्यावरील धोका नव्हता असा होत नाही.

रायगड : लक्ष्य मोठे केले म्हणजे

वासोट्यानंतर महिनाभरात रायगडावर प्रोथर याच्या फौजेने उखळी तोफांचा मारा केला. गडावर बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई यांचा मुक्काम होता. माऱ्याने लागलेल्या आगीत राजवाड्यासह गडावरील बहुतेक इमारती जळून गेल्या आणि १० मे १८१८ रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. शिवकालीन कागदपत्रेही या आगीत नष्ट झाली, असे मराठी इतिहासलेखनात वारंवार म्हटले जाते.

येथे 'चुकलेला नेम' ही कल्पनाच अपुरी पडते. गडमाथा विस्तीर्ण आहे. उखळी तोफांना एखादा बुरुज नव्हे, तर सबंध माथाच लक्ष्य म्हणून दिलेला होता. गोळा सदरेवर पडो, कोठीवर पडो वा राहत्या घरावर पडो, तोफखान्याच्या हिशेबी तो लागलेलाच होता. त्यामुळे जळालेला वाडा आनुषंगिक हानीतही जमा होत नाही. तो विजयाच्या खर्चात जमा होतो. लक्ष्याची व्याख्या पुरेशी मोठी केली की कोणताही नेम चुकत नाही, हे रायगडाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आधुनिक आंतरराष्ट्रीय कायद्याने नेमकी हीच पळवाट ओळखली आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त करारपत्राच्या ५१ व्या कलमानुसार, नागरी वस्तीतील एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी असलेली अनेक लष्करी लक्ष्ये एकच लक्ष्य मानून सरसकट तोफमारा किंवा बाँबफेक करणे हे निषिद्ध अंदाधुंद हल्ल्यात मोडते. १८१८ च्या सेनापतींना १९७७ च्या कायद्याने दोषी ठरविणे हे कालविपर्यासाचे होईल. परंतु त्यांच्या अहवालांतील लक्ष्याची व्याख्या आपण जशीच्या तशी का स्वीकारावी, हा प्रश्न विचारणे कालविपर्यासाचे नाही.

कारभाराच्या कागदांतील हानी

तत्कालीन लोकांना अशा हानीची जाणीवच नव्हती असे म्हणता येईल काय? मराठ्यांची कारभारी साधने याचे उत्तर नकारार्थी देतात. १९ मे १६७३ च्या पत्रात शिवाजी महाराजांनी चिपळूणनजीकच्या छावणीतील अंमलदारांना आगीविषयी बजावले आहे. चुली, चिलमी, रात्री जळत राहिलेला दिवा आणि त्याची वात उचलून नेणारा उंदीर यांमुळे गवतास आग लागू शकेल, येथवर त्यांनी विचार केलेला दिसतो. याच पत्रात सैन्यामुळे रयतेस उपद्रव होऊ नये, अशीही ताकीद आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना घरांजवळ अथवा घरांच्या वाऱ्याखाली नसावा, असा दंडक आहे. म्हणजे दारूखान्याचा स्फोट झाल्यास तो कोणाच्या घरावर जाईल, याचा विचार गड बांधतानाच केलेला होता. पेशवे दप्तरात फौजेच्या येण्याजाण्याने झालेल्या 'पायमल्ली'पोटी गावांना साऱ्यात सूट दिल्याच्या नोंदी आढळतात.

यावरून असे दिसते की, हेतू नसताना होणारी हानी कारभाऱ्याला दिसत होती, पण तीच बखरकाराला दिसत नव्हती. कारभाऱ्याला दिसली, कारण त्याला वसूल जमवावयाचा होता आणि कोठार राखावयाचे होते. बखरकाराच्या पटावर मात्र सरदार आणि निशाणे होती. आपण युद्धेतिहास लिहिताना बखर व सेनापतीचा अहवाल यांनाच प्रमुख मानतो आणि पायमल्लीची यादी आर्थिक इतिहासाकडे सोपवितो. ही विभागणी आपण केलेली आहे, साधनांनी केलेली नाही.

अध्यापनातील उपयोग आणि मर्यादा

महाविद्यालयीन वर्गात वासोट्याचा वेढा मेजावर मांडता येईल. त्यासाठी महागड्या बाहुल्यांची आवश्यकता नाही. नकाशाची प्रत, पुठ्ठ्याचे तुकडे आणि दोन फासे पुरेसे आहेत. अट एवढीच की, मेजावर तटाबरोबर धान्यकोठार, पाण्याचे टाके, दारूखाना, कैद्यांची जागा आणि राहती घरे मांडावीत, तसेच चुकलेला प्रत्येक गोळा फाशाने ठरेल तेथे पडला असे धरून त्याची नोंद करावी. डावाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी दोन अहवाल लिहावेत, एक सेनापतीचा आणि दुसरा गडावरील कारकुनाचा. एकाच घटनेचे दोन अहवाल किती भिन्न असतात, हे व्याख्यानापेक्षा अशा अभ्यासातून अधिक लवकर ध्यानात येईल.

या पद्धतीच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. खेळ म्हणजे पुरावा नव्हे. फाशाने पाडलेला गोळा इतिहासात तेथेच पडला असे म्हणता येत नाही. खेळाचे काम प्रश्न सुचविण्याचे आहे, उत्तर साधनांतूनच शोधावे लागते. दुसरे असे की, हानीला गुण दिले की खेळाडू तिचाही हिशेब करू लागतो आणि अमुक इतकी घरे जळणे परवडते असे म्हणू लागतो. ही वृत्ती केवळ खेळापुरती राहत नाही, याची शिक्षकाने जाणीव ठेवावयास हवी.

समारोप

मेजावरील युद्धखेळांच्या नियमांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. पटावर कोण मांडले आहे यावर कोणाची हानी दिसेल हे ठरते, आणि लक्ष्य किती मोठे धरले आहे यावर चूक कशाला म्हणावयाचे हे ठरते. पानिपतच्या वृत्तान्तात मैलभर मागे पडलेल्या गोळ्यांखाली माणसे मांडलेली नाहीत. वासोट्याच्या दोन्ही प्रसंगांत तटाइतकेच महत्त्व कोठाराला आणि कैद्यांना आहे. रायगडावर संपूर्ण माथाच लक्ष्य ठरल्यामुळे चूक म्हणण्यासारखे काही उरलेच नाही. या तिन्ही ठिकाणी घटना आपण ज्यांच्या नजरेने पाहत आलो ते बहुधा तोफेच्या मागे उभे होते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील गावोगावी जुन्या घराण्यांच्या दप्तरांत पायमल्लीच्या, सूट मागणाऱ्या अर्जांच्या आणि जळालेल्या घरांच्या नोंदी अद्याप सापडू शकतात. युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनी मोहिमांच्या बातमीपत्रांबरोबर या कागदांचेही वाचन केल्यास चुकलेला गोळा कोठे पडला, या प्रश्नाला काही ठिकाणी तरी गावाच्या व माणसाच्या नावानिशी उत्तर देता येईल.